तीन उन्हाळ्यांचे व्रत

वडाला आपल्याकडे दोन वैरी आहेत. एक कुऱ्हाड आणि दुसरी आपली भक्ती. कुऱ्हाडीबद्दल पुष्कळ लिहून झाले. सभा झाल्या, ठराव झाले, कायदेही झाले. भक्तीबद्दल मात्र कोणी बोलत नाही, कारण ती गोष्ट काढली की माणसे रागावतात. दिवाळीच्या दिवसांत, फराळाचे ताट पुढे असताना, कोणाला राग आणणे बरे नव्हे हे मला समजते. तरीही बोलणे भाग आहे. आम्हा नांदेड-लातूरकडच्या माणसांना सावलीचा प्रश्न हा आता शोभेचा प्रश्न राहिलेला नाही, वैशाखात एस.टी.ची वाट पाहत उभ्या राहणाऱ्या कोणालाही विचारावे.

ज्येष्ठातल्या पौर्णिमेला सकाळी लातूरच्या गंजगोलाईत किंवा नांदेडच्या वजिराबादेत एक चक्कर मारावी. आंबे, जांभळे, फणसाचे गरे, हळदकुंकू, सुताच्या गुंड्या, आणि या सगळ्यांच्या शेजारी पोत्यावर रचलेल्या वडाच्या डहाळ्या. डहाळी घरी जाते, कुंडीत खोचली जाते. तिला हळदकुंकू वाहतात, सूत गुंडाळतात, सात जन्मांचे मागणे मागतात. दुसऱ्या दिवशी तीच डहाळी कचऱ्याच्या गाडीत असते. ज्या झाडाकडे दीर्घायुष्य मागायचे, त्याचेच हात त्यासाठी तोडून आणायचे, ही विसंगती कोणाच्या मनात येत नाही असे नाही. येते, आणि संध्याकाळपर्यंत विरून जाते.

सावित्रीची कथा घराघरांत ठाऊक आहे. पण तिच्यातला एक तपशील आपण सोयीने विसरतो. सत्यवान त्या दिवशी अरण्यात कशाला गेला होता? लाकडे तोडायला. घाव घालता घालता त्याचे मस्तक दुखू लागले आणि तो सावित्रीच्या मांडीवर कलंडला. कुऱ्हाड त्याच्या हातची होती. सावली, आपल्या परंपरेप्रमाणे, वडाची होती. आज आपण व्रत सावित्रीचे करतो आणि अनुकरण सत्यवानाचे!

यात सगळा दोष बायकांच्या माथी मारणारे सुधारक मी पुष्कळ पाहिले आहेत. त्यांचे माझे जमत नाही. घरातल्या बाईने वडाकडे जायचे म्हटले, तर वड आहे कोठे? नव्या वसाहतीत नळ असतो, नाली असते, डांबरी रस्ता असतो, मारुतीचे देऊळ असते, मंगल कार्यालय असते. वडाला तेवढी जागा सोडलेली नसते. बाईला वडाकडे जाता येत नाही म्हणून वड तुकड्यातुकड्यांनी तिच्याकडे येतो. वसाहतीचा नकाशा काही तिने आखलेला नाही. तो आखणारे पुरुष त्या दिवशी कचेरीत बसून बायकांच्या अंधश्रद्धेवर विनोद करीत असतात. लातूर जिल्ह्यात वडवळ नागनाथ आहे, नांदेड जिल्ह्यात वडेपुरी आहे, वडगावे तर किती मोजावीत! नावातला वड टवटवीत राहिला आहे, कारण नावाला पाणी घालावे लागत नाही.

आता दुसऱ्या भक्तीकडे वळू. ही सरकारी आहे. आपल्या राज्याने २०१६ साली २ कोटी झाडांचा संकल्प सोडला. २०१७ साली ४ कोटींचा, २०१८ साली १३ कोटींचा आणि २०१९ साली ३३ कोटींचा. तेहतीस कोटी हा आकडा आपल्याकडे देवांचा आहे, तेव्हा त्यापुढे जाण्याची सोय उरली नव्हती. पुढे २०२१ साली याच लागवडीची चौकशी करण्यासाठी विधिमंडळाच्या सदस्यांची समिती नेमण्याची पाळी आली. त्या चौकशीच्या राजकारणात मला पडायचे नाही. माझी तक्रार त्या आधीची आहे. रोपांचा आकडा दरवर्षी चढत गेला. पाणी घालणाऱ्या हातांचा आकडा मात्र कोणत्या फलकावर वाचल्याचे मला आठवत नाही.

एका तालुक्याच्या गावी अशा एका समारंभाला मी हजर होतो. खड्डा एक, रोप एक, झारी एक, पाहुणे सात. छायाचित्रासाठी रोपाला इतक्या जणांनी हात लावला की रोप दिसेनासे झाले. कडेला शेळ्या घेऊन एक म्हातारी उभी होती. ती मला म्हणाली, "लेकरा, हे झाड लावूलालेत का झाडाचा सत्कार करूलालेत?" मी नुसता हसलो. पुढच्या उन्हाळ्यात त्याच वाटेने गेलो तेव्हा खड्डा होता, फलक होता, फलकावर सात नावे होती. रोप नव्हते. म्हातारीच्या शेळ्यांना मी बोल लावणार नाही. वडाचा पाला पुढे आला तर शेळी तो खाणारच. कुंपण घालणे हे शेळीचे काम नव्हे.

माझे म्हणणे एवढेच आहे. वड लावायला एक सकाळ पुरते. तो वाढवायला तीन उन्हाळे लागतात. आणि आपण सारे, देवळातले काय नि कचेरीतले काय, सकाळपुरते भक्त आहोत.

एवढ्या झाडांत वडाचाच हट्ट कशाला, असे कोणी विचारील. गुलमोहर लवकर वाढतो, लाल फुलतो, शहर सुंदर दिसते. दिसते खरे. पण वडाचे काम निराळे आहे. वडाचे लाल फळ म्हणजे वस्तुतः आत वळलेल्या शेकडो बारीक फुलांची एक बंद डबी असते. त्या फुलांपर्यंत पराग नेणारी, गांधीलमाशीच्या दूरच्या गोत्यातली, मुंगीहून लहान अशी एक माशी आहे. वडाची माशी निराळी, पिंपळाची निराळी, उंबराची निराळी. वडाच्या माशीला वडावाचून वंश नाही आणि वडाला तिच्यावाचून बी नाही. पंख फुटल्यावर तिला आयुष्य मिळते ते एखाद्-दुसऱ्या दिवसाचे. तेवढ्यात तिला नेमक्या वयाचे फळ गाठावे लागते. एका झाडावरची फळे बहुधा बरोबरच वयात येतात, म्हणून एकट्या झाडावर तिचे भागत नाही. आसपास वेगवेगळ्या वेळी फळणारे वड हवे असतात. पूजेपुरता एक वड राखला, त्याला कठडा बांधला आणि बाकीच्यांना निरोप दिला, असे चालत नाही. माणसाप्रमाणेच वडालाही गणगोत लागते.

ही फळे पिकली म्हणजे पाहावे. हरियाल, जो आपल्या महाराष्ट्राचा राज्यपक्षी म्हणून पाठ्यपुस्तकात छापला जातो, तो येतो. तांबट, कोकीळ, साळुंक्या, बुलबुल येतात. रात्री वटवाघळे येतात. शिवार उजाड पडलेले असते त्या दिवसांत हे अन्नछत्र चालते. लातूर जिल्ह्यात वनाखालची जमीन शेकडा एकसुद्धा भरत नाही. नांदेडचा आकडा बरा दिसतो तो किनवट-माहूरकडच्या रानामुळे. कंधार, मुखेड, देगलूरकडे आले की तेथेही माळ तो माळच. जेथे रान नाही तेथे एकेक वड हेच रान असते.

मात्र वडाच्या बाजूने बोलताना खोटे बोलू नये. २०१६ च्या एप्रिलात मिरजेहून पाण्याची आगगाडी लातूरला आली, तेव्हापासून 'झाडे लावली असती तर ही वेळ आली नसती' हे वाक्य आमच्याकडे भाषणाभाषणांत ऐकू येते. त्या टंचाईची कारणे उसात, विंधनविहिरींत आणि पाण्याच्या वाटपात शोधावी लागतील. ती सोडून सगळा भार झाडांवर टाकणे म्हणजे वडाची साल पिंपळाला लावणे होय. वड पाऊस पाडीत नाही. तो सावली देतो, पाखरे पोसतो, खालची माती धरतो, माणसांना एकत्र बसवतो. एवढे पुरे आहे. त्याला इंद्राची नोकरी देण्याचे कारण नाही.

सावलीची ही जाण पूर्वीच्या राज्यकर्त्यांना होती. अशोकाने आपल्या स्तंभलेखात, माणसांना आणि गुराढोरांना सावली व्हावी म्हणून वाटांवर वड लावल्याचे नमूद करून ठेवले आहे. इतक्या लांब जायचे नसेल तर जवळचे उदाहरण घ्या. आमचा मराठवाडा १९४८ पर्यंत निजामाच्या अमलाखाली होता. त्या राजवटीचा आणि रझाकारांचा जुलूम आम्ही विसरलो नाही, विसरूही नये. पण त्याच संस्थानातल्या हैदराबाद-विजापूर रस्त्यावर, चेवेल्ल्याच्या बाजूला, त्या काळी लावलेल्या वडांच्या रांगा आपल्या पिढीपर्यंत पोहोचल्या. रस्ता रुंद करायचा ठरून सुमारे नऊशे वडांवर गंडांतर आले, तेव्हा तेथील नागरिक राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणापर्यंत गेले. जुलमी राजवटीने लावलेली झाडे तोडण्याचे पुण्य स्वतंत्र देशातल्या आपल्या वाट्याला यावे, याला काय म्हणावे?

रत्नागिरी-नागपूर महामार्ग आमच्या दोन्ही जिल्ह्यांतून जातो: औसा, लातूर, चाकूर, अहमदपूर, लोहा, नांदेड. याच महामार्गाच्या आड सांगली जिल्ह्यातल्या भोसे गावी एक वड आला. चारशे वर्षांचा म्हणून तो सांगितला जाई. २०२० साली लोकांनी आवाज उठवला आणि त्या वेळी रस्त्याची आखणी बदलावी लागली. तिकडे रस्ता वाकला. आमच्याकडे आम्ही वाकलो. आमचे रस्ते रुंद झाले तेव्हा कडेची जुनी झाडे गेली, आणि आम्ही मोटारीच्या काचा वर करून रस्ता किती गुळगुळीत झाला याचे कौतुक करीत राहिलो.

'एकाच्या बदल्यात दहा लावू' हे आश्वासन आपण किती सहज मान्य करतो! शंभर वर्षांच्या आजोबांच्या बदल्यात दहा तान्ही मुले दिली तर कुटुंबाचा कारभार चालेल काय? वृक्षसंरक्षणाच्या १९७५ च्या कायद्यात २०२१ साली एक सुधारणा झाली. पन्नास वर्षांवरचे झाड वारसा मानावे आणि ते तोडावेच लागले तर त्याच्या वयाइतकी रोपे लावावीत, असे तीत आहे. हिशेब थोडा शहाणा झाला, नाही असे नाही. पण तो कायदा नागरी भागापुरता आहे; शिवेवरच्या वडाला तो ओळखत नाही. शिवाय शंभर रोपे लावली तरी त्यांच्या उन्हाळ्यांचे काय, हा प्रश्न उरतोच.

जे जुने वड उरले आहेत त्यांची आपण काय सेवा करतो तेही पाहू. पूर्वी पार दगडांचा असे. दगडांच्या फटींतून पाणी मुरे, मुळांना हवा मिळे. आता निधी येतो आणि खोडापर्यंत सिमेंट येते. त्यावर फरशी, फरशीवर देणगीदाराचे नाव. माणसाच्या गळ्याशी कॉलर आवळावी तसा हा पार झाडाच्या बुंध्याशी आवळलेला असतो. खोडाला खिळे ठोकून शिकवणीवर्गाच्या पाट्या लावायच्या, मुळाशी कचरा पेटवायचा, वर विजेची तार नेऊन अर्धा माथा छाटायचा आणि पारंब्या वाटेत येतात म्हणून कापायच्या. पारंबी म्हणजे झाडाची वाढलेली दाढी नव्हे! कलकत्त्याजवळ शिबपूरच्या वनस्पती उद्यानात जो महावृक्ष आहे, त्याचे मूळ खोड बुरशी लागून १९२५ साली काढून टाकावे लागले. झाड आजही उभे आहे, ते हजारो पारंब्यांच्या खांबांवर. आपल्या संगमनेर तालुक्यात पेमगिरीचा वड एकरांवर पसरला आहे, तो कोणी त्याच्या पारंब्या भुईला टेकू दिल्या म्हणून. पारंबी कापणारा माणूस झाडाचे म्हातारपण कापून टाकतो.

वडाविरुद्ध जे आक्षेप आहेत ते मी ऐकून आहे, आणि त्यांत तथ्यही आहे. वडाची मुळे भिंत फोडतात. फोडतात, म्हणून तो भिंतीजवळ लावू नये. त्याच्या सावलीत पीक येत नाही. येत नाही, म्हणून दोन एकरांच्या शेतकऱ्याने तो बांधावर लावावा असे मी कधीच म्हणणार नाही. ज्याच्याकडे जमीन थोडी आहे त्याच्याकडून त्याग मागायचा आणि ज्यांच्या ताब्यात गायराने, रस्ते आणि मैदाने आहेत त्यांनी भाषणे करायची, ही आपली जुनी खोड आहे. वड हे सार्वजनिक झाड आहे. त्याला सार्वजनिक जागा द्यावी. शाळेच्या मैदानाची दूरची कड, आठवडी बाजार, गायरान, स्मशानाची वाट, शिवेवरचा फाटा. इमारतीपासून आणि विहिरीपासून साठेक फूट दूर. डोक्यावर तार नसावी.

उरला पाण्याचा आक्षेप. 'माणसांना प्यायला नाही, झाडाला कोठून घालू?' हा प्रश्न आमच्याकडे थट्टेवारी नेण्याजोगा नाही. पण हिशेब करू या. रोपाला आठवड्यातून दोन घागरी, घागर दहा लिटरांची. पावसाळा सोडून पस्तीस आठवडे धरले तर सत्तर घागरी, म्हणजे वर्षाला ७०० लिटर. तीन वर्षांचे २,१०० लिटर. दहा हजार लिटरांच्या एका टँकरमध्ये चार वड तीन उन्हाळे पार करतात. एका मंगल कार्यालयात एका लग्नाला किती पाणी लागते ते आचाऱ्याला विचारावे आणि मग 'पाणी नाही' म्हणावे. शिवाय बुंध्याशी पाचट पसरली तर ओल टिकते. उसाच्या या मुलखात ती फडात जाळून टाकणारे आम्ही, झाडाला घालायला आमच्याकडे काही नाही म्हणून रडतो!

बाकी कृती अवघड नाही. आपल्या आजोबांना ती येत होती. फाल्गुन-चैत्रात तीन फूट लांब, तेवढाच रुंद आणि तेवढाच खोल खड्डा घेऊन उन्हात तापू द्यावा. काळ्या जमिनीत पाणी साचते, तेथे तळाशी मुरूम घालावा; माळावर मुरूमच मुरूम, तेथे गाळाची माती आणावी. कुजलेले शेणखत आणि वाळवीसाठी कडुनिंबाचा पाला मिसळावा. रोपासाठी रोपवाटिका शोधत फिरायला नको. जुन्या आडाच्या आणि पडक्या वाड्याच्या भिंतीत पाखरांनी वड पेरून ठेवलेला असतो. एरवी आपण तो उपटून फेकतो. तो मुळांसह जपून काढावा. ते न जमले तर मनगटाएवढी जाड, पुरुषभर उंच अशी एकच सरळ फांदी धारेच्या कोयत्याने घ्यावी, वरच्या टोकाला शेणमाती लिंपावी आणि खालचा दीड हात भाग जमिनीत दाबून बसवावा. मृगाचा पाऊस झालेला असला म्हणजे वडाची फांदी बहुधा फुटते. भोवती बाभळी-बोरीच्या काट्यांचे कुंपण, तेही दुसऱ्या वर्षी नवे.

आता गंमत पाहा. ज्येष्ठी पौर्णिमा बहुतेक वर्षी मृगाच्या आगेमागेच येते. वडाची फांदी रुजवण्याचा मोसम आणि वडाच्या पूजेचा दिवस आपल्या पंचांगात असे शेजारी बसलेले आहेत. आणि आपण काय करतो? नेमक्या त्या दिवसांत फांद्या तोडून कुंडीत वाळवतो. पन्नास डहाळ्यांच्या ऐवजी गल्लीने मिळून एक फांदी आणली, ती गायरानात रोवली, सगळ्यांनी तिलाच हळदकुंकू वाहिले, तर व्रतात काय उणे पडेल? सूत गुंडाळायला खोड नाही म्हणाल तर कुंपणाला गुंडाळा. त्या वयात झाडाला कुंपणच अधिक उपयोगी.

हे सगळे कल्पनेतले वाटत असेल तर दोन गोष्टी सांगतो. पहिली शेजारच्या कर्नाटकातली. हुलिकल गावच्या तिम्मक्का या मोलमजुरी करणाऱ्या, शाळेची पायरी न चढलेल्या बाई. त्यांना मूल नव्हते. त्या आणि त्यांचे यजमान चिक्कय्या यांनी हुलिकल ते कुदूर या चारेक किलोमीटरच्या रस्त्यावर वड लावायला आरंभ केला. पहिल्या वर्षी अवघे दहा. डोक्यावरून पाणी वाहिले, काट्यांची कुंपणे घातली. पुढे तेथे ३८५ वडांची रांग उभी राहिली. लोक त्यांना 'सालुमरद', म्हणजे झाडांच्या रांगेची, तिम्मक्का म्हणू लागले आणि २०१९ साली राष्ट्राने त्यांना पद्मश्री दिली. त्यांच्यापाशी खाते नव्हते, निधी नव्हता, फलकही नव्हता. घागर होती.

दुसरी गोष्ट घरची आहे आणि ती सांगताना अजून आवाज जड होतो. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. पुढे लातूर-उस्मानाबादकडची बावन्न गावे नव्या जागी वसवण्यात आली. घरे मिळाली, रुंद रस्ते मिळाले, आखीव चौक मिळाले. पण पार आखून मिळत नाही. ज्याच्याखाली बसून गेलेल्यांची नावे काढावीत, अशी सावली कोणत्याही अंदाजपत्रकात नव्हती. ती पैशाने येतच नाही, ती वर्षांनी येते. ज्यांनी तेव्हा, डोळ्यांतले पाणी खळले नसताना, दारासमोर किंवा चौकात एक झाड लावून जगवले, त्यांच्या नातवंडांना आज सावली आहे. ज्यांनी 'आता काय उपयोग, कधी वाढणार' म्हटले, ते अजून उन्हात आहेत. तीस वर्षे दोघांचीही सारखीच गेली.

म्हणून माझी मागणी साधी आहे. नगरपालिकेला आणि ग्रामपंचायतीला यंदा किती झाडे लावली हे विचारू नका. तीन वर्षांपूर्वीची किती उभी आहेत ते विचारा, आणि फलकावर पाहुण्यांच्या जागी पाणी घालणाऱ्याचे नाव लिहायला लावा. पारावरचे सिमेंट बुंध्यापासून चार हात मागे घ्यायला लावा. पारंब्यांना हात लावू देऊ नका. आणि घरात आजच, सारी मंडळी एकत्र आहेत तोवर, ठरवून टाका की येत्या ज्येष्ठात डहाळी विकत आणायची नाही.

सावित्रीचे व्रत तीन रात्रींचे होते आणि ती यमाच्या मागे चालत राहिली म्हणून ते फळले. वडाचे व्रत तीन उन्हाळ्यांचे आहे. त्यातही चालावेच लागते. विहिरीपासून खड्ड्यापर्यंत, घागर घेऊन. आज कार्तिकाच्या तोंडाशी आपण आहोत, ज्येष्ठाला सात-आठ महिने आहेत. जागा शोधायला आणि खड्डा तापवायला एवढा वेळ पुष्कळ झाला.